मामांची पोर्ट वाइन आणि माझी एक चूक

"डॉक्टर, रक्त वाढायला पोर्ट वाइन घेतली तर चालेल का?"

जळगावच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. विचारणारे बहुधा साठीच्या पुढचे असतात. कधी सुनेचे नुकतेच बाळंतपण झालेली सासूबाई असते. विचारताना आवाज जरा खाली येतो आणि लगेच पुस्तीही जोडली जाते, "दारू नाही हो, पोर्ट!"

पूर्वी मी हसून "थोडी चालेल" म्हणायचो. आता म्हणत नाही. का म्हणत नाही, ते सांगायला आजचा लेख. यात माझी एक चूक आहे, एक आजार आहे आणि ३८ वर्षे जुनी एक बाटली आहे. बाटली कशी पारखली तेही सविस्तर सांगणार आहे, कारण त्या पारखण्यातूनच मला रुग्णांना सांगायचे उत्तर नीट सापडले.

पोर्ट वाइन : पुस्तकातली आणि पेल्यातली

धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना 'पोर्ट वाइन' हा शब्द मी दोनदा वाचला. काही बाळांच्या चेहऱ्यावर जन्मतःच लालसर-जांभळा डाग असतो, त्याला 'पोर्ट-वाइन स्टेन' म्हणतात. आणि पॉर्फिरिया या दुर्मीळ आजारात लघवी तशीच ठेवली तर काही वेळाने तिचा रंग पोर्ट वाइनसारखा गडद होतो. दोन्ही उत्तरे परीक्षेत लिहिली, गुणही मिळाले. खरी पोर्ट कशी दिसते, हे मात्र वर्गातल्या कुणालाच ठाऊक नव्हते.

पुढे प्रशिक्षणासाठी दोन वर्षे इंग्लंडमध्ये होतो. तिथले माझे वरिष्ठ डॉक्टर कधीमधी घरी जेवायला बोलवत. जेवणानंतर पोर्ट निघायची. प्यायचे थोडे, बोलायचे फार. आधी पेला पांढऱ्या रुमालावर तिरका धरून रंग सांगायला लावायचे, मग वास, सगळ्यात शेवटी चव. बाटलीवरची चिठ्ठी मुद्दाम झाकलेली असे. चिठ्ठी वाचली की जीभ चिठ्ठीसारखे बोलायला लागते, असे त्यांचे मत. रुग्णाचा जुना रिपोर्ट आधी वाचला की आपली तपासणीही त्या रिपोर्टसारखी होते, हे मी तिथेच शिकलो.

आता थोडी माहिती. खरी पोर्ट पोर्तुगालच्या उत्तरेकडील दुरो नदीच्या खोऱ्यातल्या द्राक्षांची. या प्रदेशाची हद्द १७५६ मध्येच सरकारी हुकमाने आखली गेली. द्राक्षाचा रस आंबू लागला की यीस्ट त्यातल्या साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. पोर्ट करताना हे काम अर्ध्यावर थांबवतात. साधारण चार भाग रसात एक भाग तीव्र द्राक्ष-मद्यार्क ओततात. एवढ्या मद्यार्कात यीस्ट मरते आणि उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोडही असते आणि कडकही. साध्या वाइनमध्ये मद्यार्क १२ ते १४ टक्के असतो, पोर्टमध्ये १९ ते २२ टक्के.

त्यातली 'व्हिंटेज' पोर्ट म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची. वर्ष फार चांगले गेले, तरच वाइन करणारी घराणी ते वर्ष जाहीर करतात. ती लाकडी पिंपात साधारण दोनच वर्षे राहते आणि नंतर न गाळता बाटलीत भरतात. पुढची वीस, तीस, चाळीस वर्षे ती बाटलीतच मुरते.

आपल्याकडे दुकानात 'पोर्ट वाइन' म्हणून स्वस्तात जे मिळते ते बहुतेक वेळा गोड लाल वाइन असते. तिचा दुरो खोऱ्याशी संबंध नसतो. मामा घेत होते ती हीच.

फोनवरचा सल्ला

माझे मामा दोंडाईचाला मिरचीचे अडते होते. दोंडाईचा म्हणजे धुळे जिल्ह्यातली मिरचीची मोठी बाजारपेठ. चाळीस वर्षे त्यांनी नाकाने आणि बोटाने मिरची पारखली. आता सत्तरी ओलांडल्यावर धुळ्यात देवपूरला राहतात.

२०२२ च्या फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. जिना चढताना दम लागतो, थकवा वाटतो. मी म्हटले, "मामा, वय झालं आता." ते म्हणाले, "अंगात रक्त कमी वाटतंय. रात्री जेवणाआधी थोडी पोर्ट घेतो, शेजारच्यांनी सांगितलंय. चालेल ना?"

मी म्हटले, "थोडी चालेल."

रक्त तपासा, असे मी म्हटले नाही. परक्या रुग्णाला नक्की म्हटले असते. घरच्या माणसाला फोनवर सल्ला देताना आपण डॉक्टर कमी आणि भाचे जास्त होतो.

ऑक्टोबरमध्ये पारोळ्याला एका लग्नात भेट झाली. मांडवातल्या उजेडात त्यांचा चेहरा पाहिला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. बाजूला नेऊन खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग जवळजवळ पांढरा. नखेही तशीच. दुसऱ्या दिवशी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.४, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन अगदी तळाला.

पन्नाशीपुढच्या पुरुषाच्या शरीरातले लोह असे संपले असेल, तर पहिला प्रश्न 'काय खाऊ' हा नसतो. रक्त जातेय कुठून, हा असतो. बायकांमध्ये मासिक पाळी, बाळंतपण अशी कारणे असतात. पुरुषांमध्ये आणि पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये पोट व आतडी तपासावीच लागतात. मामांची कोलोनोस्कोपी केली. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला, अगदी सुरुवातीच्या भागात, गाठ होती. कर्करोग.

या जागेची गाठ मोठी फसवी. तिथे आतडे रुंद असते आणि मळ पातळ असतो. त्यामुळे बरेच दिवस ना पोट दुखते, ना शौचाला अडते. रक्त थेंबाथेंबाने जाते आणि मळात मिसळते, डोळ्यांना दिसत नाही. दिसतो फक्त थकवा.

नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. नशीब चांगले, लसिकाग्रंथींपर्यंत आजार पोचला नव्हता. केमोथेरपी लागली नाही. पण फेब्रुवारी ते ऑक्टोबर हे आठ महिने माझ्या 'थोडी चालेल'मध्ये गेले. ते माझ्या खात्यावर आहेत.

पोर्टमध्ये रक्त असते का?

लाल म्हणून रक्त वाढवणारी, हा समज फार जुना आहे आणि तो फक्त आपल्याकडचा नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातले डॉक्टर आजारातून उठलेल्यांना पोर्ट लिहून देत. 'टॉनिक वाइन' औषधांच्या दुकानात मिळत. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, त्यामुळे तिथे पोर्ट ओळखीची होती. इकडे मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. जी वस्तू एरवी घ्यायची नाही ती 'औषध' म्हटले की घरात येऊ शकते, हेही लोकांच्या मनात बसले.

आपल्या घरांत द्राक्षासवाचीही सवय होतीच. माझी आजी, म्हणजे मामांची आई, जेवणानंतर चमचाभर घेई. आसवे-अरिष्टे आंबवण्यासाठी धायटीची फुले वापरतात, आपल्या सातपुड्यात ही झुडपे भरपूर आहेत. त्यांत आपोआप तयार झालेला थोडा मद्यार्क असतो. आसव जुने होईल तसे गुणकारी होते, असा विचार शार्ङ्गधर संहितेत आहे. मामांच्या डोक्यात आजीचे द्राक्षासव आणि दुकानातली पोर्ट एकाच फळीवर बसली होती.

आता हिशोब करू. वाइनमध्ये लोह असते, पण एका लिटरमागे काही मिलिग्रॅम. ६० मिलि पोर्टमधून अर्धा मिलिग्रॅमही मिळणे कठीण. पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे, अशी आपल्या आयसीएमआरची २०२० ची शिफारस आहे. सरकारी लोहगोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते.

आणि त्या ६० मिलि खऱ्या पोर्टमधून काय मिळते? साधारण साडेनऊ ग्रॅम शुद्ध मद्यार्क आणि सहा ग्रॅमच्या आसपास साखर. मधुमेह असेल तर साखर वाढवणारी वस्तूही हीच, आणि काही गोळ्यांसोबत उपाशीपोटी घेतली तर साखर धोकादायकरीत्या खाली आणणारीही हीच.

रक्त वाढल्यासारखे मग का वाटते? मद्यार्काने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. गाल लाल होतात, अंगात ऊब येते, घटकाभर तरतरी वाटते. मामांच्या गालावर लाली येत होती आणि आतड्यातून रक्त जात होते. दोन्ही एकाच वेळी.

कपाटातली बाटली

मामांचा मुलगा लंडनला असतो. त्याचा जन्म १९८५ चा. मुलाच्या जन्मवर्षाची पोर्ट त्याच्यासाठी राखून ठेवायची, अशी इंग्लंडमध्ये जुनी रीत आहे. याने रीत उलटी केली. स्वतःच्या जन्मवर्षाची व्हिंटेज पोर्ट विकत घेऊन २०१९ च्या दिवाळीत वडिलांना आणून दिली. १९८५ हे वर्ष बहुतेक घराण्यांनी जाहीर केलेले, चांगले मानले जाणारे वर्ष.

मामांनी ती जिवापाड जपली. म्हणजे कशी? लोखंडी कपाटात, बँकेच्या कागदांशेजारी, उभी. धुळ्याचे चार उन्हाळे.

२०२३ च्या डिसेंबरात मुलगा सुटीवर आला. शस्त्रक्रियेला वर्ष झाले होते, तपासण्या चांगल्या होत्या, हिमोग्लोबिन १३ च्या वर. मामांनी मला जळगावहून बोलावून घेतले. "बाटली फोडू. तू तिकडे शिकून आलायस, तूच सांग कशी आहे."

मला दोन प्रश्न पडले. पहिला, कर्करोगातून उठलेल्या माणसाला मी मद्य द्यायचे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्य हे कर्करोगकारक ठरवले आहे आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग त्या यादीत आहे. उत्तर 'नाही' असेच होते. पण पारखायला प्यावे लागत नाही. जे रोज पन्नास-साठ वाइन तपासतात ते घोट तोंडात फिरवून थुंकतात. मामांना हे सांगितले तर ते खूश झाले. मामी जुना स्टीलचा वाडगा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तंबाखू सोडवायला दहा वर्षं लागली, आता पुन्हा थुंकायला शिकवा."

दुसरा प्रश्न अवघड होता. चार उन्हाळे खाल्लेली बाटली बिघडली असेल, तर बापलेकांना ते सांगायचे कसे?

दर्शन, स्पर्शन, प्रश्न

आयुर्वेदात रुग्णपरीक्षेचे हे तीन मार्ग सांगितले आहेत. बाटलीलाही ते लागू पडतात.

*प्रश्न.* इतिहास आधी. व्हिंटेज पोर्ट आडवी, अंधारात, १३ अंशांच्या आसपास ठेवायची असते. आडवी का? आतली वाइन बुचाला लागून राहते, बूच ओले आणि फुगलेले राहते. उभी ठेवली की बूच सुकते आणि हवा आत शिरते. आणि उष्णता? मुरणे ही रासायनिक क्रियाच, उष्णतेने ती वेगाने होते. मिरची सावलीत वाळणे आणि तव्यावर भाजणे यात जो फरक, तोच इथे. इतिहास वाईट होता.

*दर्शन.* बाटलीच्या मानेभोवती चिकट सुकलेला ओघळ होता. उन्हाळ्यात वाइन फुगून बुचाशेजारून बाहेर आली होती. पातळी मानेत असायला हवी, ती खांद्याशी उतरली होती. हे दुसरे वाईट चिन्ह.

बाटली तशीही उभीच होती, त्यामुळे गाळ तळाशी बसलेला होता. ती हलू न देता बूच काढले. ते अर्ध्यात तुटले आणि भुगा झाला. मामींनी चक्का बांधायचे मलमलचे स्वच्छ फडके दिले. मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरून मी सावकाश काचेच्या जगमध्ये ओतत गेलो. मानेत काळपट गाळ दिसू लागला तसा थांबलो. तळाशी दोन बोटे उरली. हा गाळ म्हणजे द्राक्षाचा रंग आणि तुरट द्रव्ये, म्हणजे टॅनिन, वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून खाली बसलेली. तो अपायकारक नसतो, दाताखाली कचकचतो आणि कडू लागतो इतकेच.

मग पेला, एक तृतीयांश भरलेला, पांढऱ्या कागदावर तिरका. तरुण व्हिंटेज पोर्ट जांभळाच्या रसासारखी गडद, आरपार न दिसणारी. वयाबरोबर ती फिकी होते, मध्ये डाळिंबी आणि कडेला विटकरी. ही मध्येही विटकरी होती आणि कडेला पार चहाच्या रंगाची. ३८ वर्षांच्या मानाने जास्तच म्हातारी दिसत होती.

वास आणि चव : नाकाचे काम जास्त

इथे एक प्रयोग सांगतो. वाइन लागत नाही, बडीशेप पुरते. नाक घट्ट धरा, चिमूटभर बडीशेप चावा. फक्त किंचित गोड आणि चोथा जाणवेल. आता नाक सोडा. क्षणात 'बडीशेप' येईल. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसासारखी 'उमामी' एवढ्याच चवी ओळखते. आणि जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू अशी वाटणी शाळेच्या पुस्तकात होती, ती चुकीची. या चवी जीभभर कळतात. बाकी ज्याला आपण 'स्वाद' म्हणतो तो घशामागून नाकात चढणारा वास असतो. सर्दीत भरीत बेचव लागते ते यामुळेच. कोविडमध्ये ज्यांचा वास गेला होता त्यांना हे वेगळे सांगायला नको.

म्हणून मी आधी फक्त वास घेतला. पहिल्यांदा मद्यार्काचा झणका. पेला थोडा फिरवून परत. व्हिनेगरचा वास आहे का? नाही. ओल्या पुठ्ठ्याचा, म्हणजे बुरशी लागलेल्या बुचाचा? नाही. म्हणजे रोग नव्हता. मग मनुका, सुके अंजीर, अक्रोड, चहाची पत्ती. आणि या सगळ्यावर एक जळकट गोड वास. गुऱ्हाळात काकवी जरा जास्त कढली की येतो तसा.

मामांना पेला दिला. त्यांनी वाइनची एकही परिभाषा ऐकलेली नव्हती. डोळे मिटून दोनदा हुंगले, जसे पोत्यातली मूठभर मिरची हुंगत. मग म्हणाले, "खजूर. जुनी चिंच. आन् हिला ऊन लागलंय."

मी काही बोललोच नव्हतो.

मग घोट. तोंडात सगळीकडे फिरवायचा, ओठांतून थोडी हवा आत ओढायची, म्हणजे वास नाकात चढतो. चार गोष्टी तपासायच्या. गोडी किती. आंबटपणा किती, म्हणजे थुंकल्यावर तोंडाला पाणी सुटते का. तुरटपणा किती, म्हणजे कच्चे केळे किंवा जांभूळ खाल्ल्यासारख्या हिरड्या ओढल्या जातात का. आणि घशातली ऊब किती. चारही तोलात असल्या तर एकही डोके वर काढत नाही. मग थुंकून मनात आकडे मोजायचे, स्वाद किती वेळ टिकतो ते बघायला. चांगली जुनी पोर्ट मिनिटभर रेंगाळते.

हिची गोडी होती. तुरटपणा जवळजवळ विरघळलेला, रेशमी. पण आंबटपणाचा कणा वाकला होता, फळ मागे गेले होते आणि मद्यार्क पुढे येऊन बसला होता. मी पंचविसापर्यंत मोजले आणि स्वाद संपला. उरली ती घशातली जळजळ.

"दादा, कशी आहे?" मामेभावाने विचारले.

जवळजवळ दोन वर्षांपूर्वी मी याच घरातल्या माणसाला बरे वाटावे म्हणून 'चालेल' म्हटले होते. या वेळी खरे सांगायचे ठरवले. पण मामांनीच मला वाचवले. वाडग्यात नीट थुंकून ते म्हणाले, "माल चांगला व्हता. ठेवामा बिघडी गया." म्हणजे माल चांगला होता, ठेवणीत बिघडला.

मी म्हटले, "मामांचं निदान बरोबर आहे. वाईट नाही, पण जे व्हायला हवं होतं ते राहिलं नाही." मुलाचा चेहरा क्षणभर पडला. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू आणली तेव्हा चांगलीच होती. कपाट माझं होतं."

मग माझ्याकडे वळून, डोळ्यांत तीच जुनी मिश्किली : "डाक्टर, आते सांग, यामा रगत शे का?"

सगळे हसले. मीही हसलो, पण उत्तर पूर्ण दिले. नाही मामा. आधीच्या त्या दुकानातल्या बाटलीतही नव्हते आणि या महागड्या बाटलीतही नाही.

जुनेपणाने काय बदलते आणि काय बदलत नाही

त्या संध्याकाळी जळगावकडे परत निघायचे नव्हते, म्हणून मी निवांत विचार करत बसलो. ३८ वर्षांत त्या बाटलीतले काय बदलले? रंग उतरला. तुरटपणा गाळ होऊन खाली बसला. ताज्या फळाचा वास गेला, सुक्या मेव्याचा आला. हे सगळे नाकाला आणि जिभेला कळणारे बदल, आणि त्यासाठीच लोक मोठी किंमत मोजतात.

मद्यार्क मात्र जवळजवळ तेवढाच राहिला. यकृताला वर्ष कळत नाही, घराणे कळत नाही, किंमत कळत नाही. त्याला फक्त ग्रॅम कळतात. मद्यार्काचे शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड होते आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करते. देशी असो, विदेशी असो, मोहाची असो की दुरोची.

"पण थोडी वाइन हृदयाला चांगली ना?" हा पुढचा प्रश्न असतो. १९९० च्या दशकात 'फ्रेंच विरोधाभास' फार गाजला. फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही त्यांना हृदयविकार कमी, त्याचे श्रेय रेड वाइनला दिले गेले. आम्ही विद्यार्थी असताना हे आवडीने सांगायचो. नंतर त्या प्रकारच्या अभ्यासांतल्या त्रुटी दिसू लागल्या. 'न पिणाऱ्यां'च्या गटात आजारपणामुळे सोडलेलेही मोजले जात. थोडी पिणारे लोक बरेचदा अधिक सुस्थितीतले, व्यायाम करणारे असत. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की आरोग्यासाठी सुरक्षित म्हणावी अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही.

याचा अर्थ, कुणी आवड म्हणून, समजून-उमजून, क्वचित घोटभर घेतली तर मी त्याला गुन्हेगार ठरवत नाही. त्या दिवशी मामेभावाने छोटा पेला घेतला, मी दोन घोट घेतले. उरलेली मोरीत ओतली, कारण उघडलेली जुनी पोर्ट दोन-तीन दिवसांत आणखी उतरते. आवड म्हणून घ्या अथवा घेऊ नका, तो तुमचा प्रश्न. पण औषध म्हणून घेऊ नका. औषधाच्या नावाखाली घेतलेली पोर्ट आजाराला लपायला जागा देते.

लक्षात ठेवा

- पोर्ट वाइनने रक्त वाढत नाही. लोहाची कमतरता असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात, आणि कारण शोधावे लागते.
- पन्नाशीपुढच्या पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत लोह कमी झाले असेल, तर पोट व आतड्यांची तपासणी टाळू नका. दुखत नाही म्हणून आजार नाही, असे नसते.
- महिनाभर टिकलेला थकवा, जिना चढताना नव्याने लागणारा दम, फिकट पापण्या, काळी शौच : यातले काहीही असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा.
- बाळंतिणीला, गर्भवतीला, यकृताचा आजार असणाऱ्याला 'ताकदीसाठी' वाइन देऊ नका. मधुमेहाच्या, झोपेच्या आणि काही जंतुनाशक गोळ्यांसोबत मद्य धोकादायक ठरू शकते.
- घरातल्या डॉक्टरला फोनवर विचारून समाधान मानू नका. तो तुमच्यावर प्रेम करतो, म्हणूनच त्याच्या हातून चूक होऊ शकते. जाऊन तपासून घ्या.

रिकामी बाटली मामांच्या कपाटात तशीच आहे, बँकेच्या कागदांशेजारी. आता आडवी ठेवलीय. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला होता, "थोडं थकल्यासारखं वाटतंय." मी म्हटले, "उद्या सकाळी येतो, रक्त काढू."

सगळे रिपोर्ट चांगले आले. आदल्या रात्री नातवाशी क्रिकेट खेळून दमले होते.